बिनकोटिंगची एल्मार आणि सावल्यांचा हिशेब

कोटिंग, म्हणजे लेन्सच्या काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर, रंगीत फिल्मसाठी, कृष्णधवलला काय फरक पडतो, असं बरेच जण म्हणतात. म्हणून लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्झच्या दोन एल्मार लेन्स (५ सेंमी, एफ/३.५) लावून पाहिल्या: एक युद्धापूर्वीची उघड्या काचेची, दुसरी युद्धानंतरची एकपदरी कोटिंगची. दोन्हींत हवा आणि काच भेटतात असे सहा पृष्ठभाग. उघडा पृष्ठभाग ४ ते ५ टक्के प्रकाश परतवतो, मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असला तर दीड टक्क्याच्या आसपास. उघड्या लेन्समधून फिल्मपर्यंत पाव स्टॉप प्रकाश कमी पोचतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), त्याचं काही नाही. गोम आहे ती परतलेल्या प्रकाशात. तो काचांत उसळून अख्ख्या फ्रेमवर पसरतो.

आधी लेन्समागून टॉर्च मारला. जुन्या लेन्समध्ये तेलाचा धुरकट थर बसतो आणि तोही असाच पडदा टाकतो, त्यामुळे तो काढल्याशिवाय तुलना फुकट. मग बुटांच्या खोक्याला आतून काळं मखमल, पुढे ३ सेंमीचं भोक, म्हणजे फ्रेममधली सर्वांत काळी जागा, आणि मागे उन्हातली पांढरी भिंत. एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मचा एकच रोल, शटर तेच. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ६.३, ९, १२.५ असे अ‍ॅपर्चरचे आकडे असतात. दोन्हींना सारखंच ८ हवं तर खूण ९ च्या जरा अलीकडे. नुसतं ९ ठेवलं तर एक तृतीयांश स्टॉप कमी पडतो आणि नेमक्या सावल्याच फसवतात. डेव्हलपर डी-७६, तेवढंच पाणी मिसळून (१+१), २० अंश, ११ मिनिटं.

निगेटिव्हवर भोकाची जागा दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीशी ताडून बघायची. कोटेड लेन्सची जवळपास पट्टीइतकीच स्वच्छ, उघड्या लेन्सची स्पष्ट करडी.

हे आकड्यांत असं. समजा दोन सावल्या १ आणि २ भाग प्रकाशाच्या, भिंत १२८. सगळीकडे २ भाग भटका प्रकाश मिसळला की सावल्या ३ आणि ४, भिंत १३०. भिंतीला पत्ताही नाही, पण सावल्यांमधलं एका स्टॉपचं अंतर अर्ध्याहून कमी झालं. सावलीत घनता (निगेटिव्हचा काळेपणा) वाढलेली दिसते म्हणून काही जण याला फुकटची स्पीड, म्हणजे फिल्मची वाढलेली संवेदनशीलता, म्हणतात. मला पटत नाही. घनता आली, तपशील वेगळा झाला नाही.

हा फरक भरून काढायला डेव्हलपिंग १३ मिनिटं केलं तर मुख्यतः उजळ भागच वर जातात. कडक उन्हात वेळ तीच ठेवून प्रिंटच्या कागदाची दोनऐवजी तीन ग्रेड (जास्त कॉन्ट्रास्टची) बरी. ढगाळ हवेत वाढवायला हरकत नाही. बाजूचा प्रकाश अडवणारा हूड मात्र हवाच. तो चढवला की या एल्मारच्या अ‍ॅपर्चरला हात पोचत नाही, म्हणून अ‍ॅपर्चर आधी. बिनकोटिंगचा पिवळा फिल्टर म्हणजे आणखी दोन उघडे पृष्ठभाग, तेव्हा फिल्टर कोटेडच घ्यावा.

जुन्या काचेवर निळसर झाक असेल तर पॉलिश करून घालवू नये. अशी डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश सोडते, हे ब्रिटिश लेन्स डिझायनर डेनिस टेलरने १८९० च्या दशकातच हेरलं होतं.