सोप्यातला घाट

भाच्याच्या वाढदिवसाला मी त्याला रिमोटवर चालणारी छोटी जीप आणली, आणि ती पळत नाही म्हणून तो पाच मिनिटांत हिरमुसला. क्रॉलर म्हणतात तिला. १:२४ मापाची, म्हणजे त्याच्या चपलेएवढी. तिला पळायचंच नसतं. आत मोटर गरागरा फिरते, पण गिअर असे की चाकं मात्र देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीसारखी, जपून एकेक पाऊल टाकतात. सपाट फरशीवर इतकं कंटाळवाणं खेळणं दुसरं नसेल. तिला अडचण लागते. ती पुरवण्याचं काम मामाकडे आलं.

अंगणात बांधलं असतं, पण जुलै महिना. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा डिचोलीत आमच्याच अंगणात पडत असावा. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या खऱ्या जीपसुद्धा या दिवसांत बंद असतात. म्हणून घाट बांधला तो सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आईची आरामखुर्ची आणि टीव्ही यांच्या मधोमध.

माळ्यावर गेल्या चवथीच्या मखराचे पुठ्ठे होते. मखराचा हात वीसेक वर्षांचा, त्यामुळे डोंगर एका दुपारीत उभा राहिला. पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर खळीत भिजवलेलं वर्तमानपत्र, वरून हिरवा रंग आणि पायथ्याशी वाळवलेला चहाचा चोथा. देखणा झाला. जीप त्यावर चार बोटंही चढली नाही, जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. मखर समोरून बघायचं असतं. तिथे डोळा फसला की काम झालं. चाक फसत नाही.

मग फरशीवर पालथा पडून, गाल टेकवून, जीपच्या उंचीवरून डोंगर बघायला शिकलो. (पडणं सोपं आहे. उठताना भाचा हात देतो.) रंगावर फेविकॉल फासून वाळू पेरली, एका उतारावर गोणपाट चिकटवलं. सगळ्यांत उत्तम निघाला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, फुटका तुकडा. भोकाभोकांचा, मऊ रबर त्यात छान रुततं. मात्र तो तांबडी धूळ सोडतो, आणि आठ-दहा फेऱ्यांत टायर गुळगुळीत होऊन घसरायला लागतात. जवळ ओलं फडकं ठेवावं लागतं.

करवंटीने मात्र दोन रात्री घेतल्या. पालथी करवंटी वाटेत ठेवली की जीप तिच्यावर बरोबर पोट टेकून बसते आणि चारही चाकं हवेत हातपाय झाडतात. करवंटी अर्धी लगद्यात बुडवली तर जीप तिची दखलही न घेता निघून जाते. मग जरा वर काढ, परत बुडव, खाली लग्नपत्रिकेची घडी सरकव, असं चाललं. शेवटी दहांतून तीनदा पार होईल अशा उंचीला ती बसली आणि मी हात आवरता घेतला. चारदा झालं असतं तर भाच्याने तिकडे पुन्हा पाहिलं नसतं.

माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचं कडक आवरण, आडवी लावून तिरक्या अंगाचा रस्ता केला, खराट्याच्या हिरांचा साकव बांधला. चोर्ले घाटाची आठवण म्हणून घातलेली वळणं तेवढी अंगाशी आली. या गाडीत डावं-उजवं चाक एकाच आसाला जखडलेलं असतं. एक हवेत लटकलं तरी दुसरं ओढतं, पण त्याची भरपाई वळणावर करावी लागते. एका दमात ती वळेचना. रिव्हर्स घ्यावाच लागे, आणि क्रॉलरच्या स्पर्धांत रिव्हर्स म्हणजे दंड. प्रचलित नियमांत रिव्हर्सचा एक गुण, वाटेवरच्या दोन दांड्यांच्या फाटकातून जाताना दांडीला धक्का लागला तर दहा, आणि कमीत कमी गुणांचा जिंकतो. कमी गुण मिळवून जिंकता येतं हे कळल्यावर भाच्याला या खेळात खरा रस वाटला.

वजनाचं गणित मला आवडलं. खरी जीप धरू १८०० किलोची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोविसाव्या हिश्शाला आणली, तर वजन १३,८२४ पटींनी उतरून १३० ग्रॅमवर यायला हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमची अडीचशेच्या वर भरली. एवढी अंगाने भरलेली, तरी शौकीन लोक तिच्या पुढच्या आसावर पितळेची वजनं चढवतात. वजन जेवढं खाली आणि पुढे, तेवढी ती चढावर नाक उचलून मागे उलथत नाही. पितळ कुठून आणू? गरीला लावायचं शिसं घरात होतं, ते टेपने गुंडाळून बांधलं. आईने काटा दोनदा धुतला.

परवा तिने खुर्चीतूनच विचारलं, "चवथीला गणपती खंय बसतलो? ह्या दोंगराचेर?"

मी टेप घेऊन माथा मोजला. चौरंग मावेल, चिरा काढला, साकव सोडवला आणि चहाचा चोथा झाडला तर.

"साकव नको सोडवू मामा," भाचा म्हणाला. "उंदीर कुठून येणार मग?"