दाजींशी केलेला ट्रेड

आमची लीग हॉकीची आहे असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं, की तो म्हणतो, "म्हणजे ध्यानचंद स्टेडियमवर असती ती?" ती नव्हे. बर्फावरची, अमेरिका-कॅनडात एनएचएल ही लीग खेळतात तसली. आणि तीही कॉम्प्युटरवरची. दहा संघ, दहा मॅनेजर. आमच्यातल्या एकानंही बर्फाचं मैदान डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता. कॉलेजात कुणीतरी ईस्टसाइड हॉकी मॅनेजर हा गेम आणला आणि खूळ लागलं ते लागलंच. आता केस पिकायला लागले तरी बारावा सीझन चालू आहे. कमिशनर रात्री सामने पळवतो, सकाळी ग्रुपवर निकाल पडतात, आणि आंघोळीच्या आधी भांडणं सुरू होतात.

या बारा वर्षांत माझ्यावर 'गंडवलंस' असा आरोप एकदाच झाला. तोही दाजींना गंडवल्याचा.

सौदा असा होता. माझा गोली, म्हणजे गोलकीपर, ३४ वर्षांचा, लीगमधला सगळ्यात भारी. पगार ७० लाख डॉलर, करार अजून तीन वर्षांचा. आमची कॅप, म्हणजे अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा, ८ कोटी, त्यामुळे हे ओझं मला नकोच होतं. दाजींचा संघ तगडा, पण गोलपोस्टात भोक. त्यांनी गोली घेतला आणि मला दिला १९ वर्षांचा एक सेंटर, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणारा, आणि वर पुढच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेताना पहिल्या फेरीत निवडायचा हक्क. रात्री साडेअकराला ट्रेड टाकला. बारा वाजायच्या आत चार हरकती. नियमाप्रमाणे तिघांनी हरकत घेतली की ट्रेड कमिटीकडे जातो.

पहिली पायरी म्हणजे दोघांनी लेखी म्हणणं द्यायचं. मी दोन पानं लिहिली. अगदी ग्रेट्झकीपासून, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूपासून सुरुवात केली. ९ ऑगस्ट १९८८ ला एडमंटननं वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, सोबत आणखी दोन खेळाडू. बदल्यात जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दीड कोटी डॉलर. कॅनडात लोक रडले, एडमंटन लुटलं गेलं म्हणाले. आणि १९९० चा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, कुणी जिंकलं? ग्रेट्झकीशिवायच्या एडमंटननं. लॉस एंजेलिसला त्याच्यासकट एकदाही जमलं नाही. तात्पर्य, आज कोण लुटला गेला हे आज कळत नाही, सबब ट्रेड मंजूर करावा. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होतो.

दाजींचं म्हणणं एका ओळीत होतं : "मला एकदा कप जिंकायचा आहे. माझी तक्रार नाही."

शनिवारी रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर बसायचं ठरलं. कमिटीत तिघे : एक वकील, एक मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, आणि एक गणिताचे मास्तर. समोर म्हशी उभ्या, धार काढून ग्लास हातात येतोय, आणि आम्ही बर्फावरच्या गोलीची किंमत ठरवतोय. शेजारचे दोघे शाहू स्टेडियमवरच्या मॅचवरनं वाद घालत होते. त्यांनी आमचं थोडं ऐकलं आणि सरकून बसले.

वकील माझ्या बाजूचे निघाले. त्यांनी लिंड्रॉसचं प्रकरण काढलं. १९९२ ला क्वेबेकच्या संघानं एरिक लिंड्रॉस या तरण्या खेळाडूला एकाच वेळी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स अशा दोघांना विकून ठेवलं होतं. भांडण लवादापुढं गेलं. लवादानं कुणी जास्त दिलं ते तोललंच नाही. पक्का करार आधी कुणाशी झाला एवढंच बघितलं आणि लिंड्रॉस फिलाडेल्फियाला गेला. "दोघं शाणेसुरते, दोघं राजी. झाला सौदा. आपण किंमत ठरवणारे कोण?"

अडत्या म्हणाला, "वकीलसाहेब, त्या सौद्यात क्वेबेकला काय मिळालं ते पण सांगा की." मिळाला होता पीटर फोर्सबर्ग, शिवाय पाच खेळाडू, पिक आणि दीड कोटी डॉलर. तो संघ १९९५ ला कोलोरॅडोला गेला आणि १९९६ ला कप जिंकला. फिलाडेल्फिया लिंड्रॉसला घेऊन एकदा फायनलपर्यंत गेली, तेवढंच. मग तो माझ्याकडं वळला. "वरनं पिवळाधमक दिसला म्हणून आम्ही गुळाचा रवा घेत नाही. हात लावून बघतो. तू ह्यात काय झाकलंयस ते सांग."

मी म्हटलं, "काय झाकणार? गोलीचं वय सगळ्यांना दिसतंय. उन्हाळ्यात रेटिंग उतरणार हेही सगळ्यांना माहीत आहे."

हे खरंच होतं. गेममध्ये खेळाडूला १ ते २० असे गुण असतात आणि ते कुणीही उघडून बघावेत. मास्तरांनी तर वहीच आणली होती. आमच्या लीगमधले जुने गोली पस्तिशीत कसे घसरले त्याचं पेन्सिलनं काढलेलं कोष्टक. त्यांनी ती वही मिटली आणि भलतंच विचारलं.

"दाजी, पुढच्या सीझनला तुम्ही आहात ना?"

दाजी ग्लास तोंडाला लावून होते. तो त्यांनी लगेच खाली घेतला नाही. दूध संपलं, तरी ग्लास तिथंच. मग मिशीवरचा फेस पालथ्या मुठीनं पुसला आणि म्हणाले, "बदली होणार आहे. नागपूर. हा सीझन शेवटचा."

बँकेतली नोकरी, बदली काही गुन्हा नव्हे. पण मग मास्तर माझ्याकडं बघायला लागले. मला ते पंधरा दिवसांपासून माहीत होतं. ताईनं फोनवर सांगितलं होतं. म्हणूनच तर मी पहिल्या फेरीचा पिक मागितला होता. ज्याला पुढच्या वर्षी खेळायचंच नाही, त्याच्या लेखी पुढच्या वर्षीच्या पिकाची किंमत शून्य. मी मागितला, त्यांनी हसत दिला. आम्हा दोघांपैकी कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. त्या संघाच्या पुढच्या मॅनेजरला मात्र दोघांनी मिळून नागवलं होतं, आणि तो कोण हे अजून ठरलंच नव्हतं.

मी तरी अर्धा तास भांडलो. "नियमात कुठं लिहिलंय?" नव्हतंच लिहिलेलं. अडत्या म्हणाला, "व्हय, चोरट्यानं कुठल्या दारानं जाऊ नये हे पण लिवलेलं नसतंय." वकील हसले. मला अजिबात हसू आलं नाही. दाजी मधेच म्हणाले, "पाव्हणं, सोडा की." त्यानं तर आणखी चिडलो. त्यांच्याच बाजूनं लढतोय अशी माझी अजून समजूत होती.

निकाल मास्तरांच्या मतावर गेला. गोली दाजींकडं, सेंटर माझ्याकडं. पहिल्या फेरीचा पिक संघाकडंच राहणार, मला त्याऐवजी तिसऱ्या फेरीचा. शिवाय नवा नियम : सीझन संपल्यावर जाणाऱ्यानं कमिशनरला आधी कळवायचं, आणि कळवल्यापासून त्याला पुढचे पिक विकता येणार नाहीत. तिसऱ्या फेरीचा पिक म्हणजे मिसळ संपल्यावर फुकट मिळणारा कट. घेतला.

दाजी फायनलला पोचले आणि सातव्या सामन्यात हरले. गोली झकास खेळला, पण पुढचे फळीवाले झोपले. महिन्याभरात सामान नागपूरला गेलं. पण भाचीची दहावी होती, त्यामुळे ताई आणि ती इथंच राहिल्या. आणि संघ घेतला भाचीनं. बापाचा संघ बाहेर जाऊ देणार नाही म्हणाली.

उन्हाळ्यात रेटिंग बदललं. गोली १७ वरून १३ वर आला. सेंटर आता माझ्या पहिल्या फळीत खेळतो. ज्या पिकासाठी मी भांडलो तो ड्राफ्टचा क्रम ठरवायच्या लॉटरीत दुसरा लागला आणि तो भाचीच्या हातात आहे.

परवा तिचा मेसेज आला : "मामा, तो सेंटर परत पाहिजे. दुसऱ्या नंबरचा पिक देते. म्हातारा गोली पण घेऊन जा."

पिक सोन्यासारखा आहे. पण पोरगी एवढ्या सहजासहजी देतेय म्हणजे काहीतरी आहे. उत्तर द्यायच्या आधी ताईला फोन करावा म्हणतोय.