विजेच्या टप्प्यापलीकडचे बास

माझं काम तलावातले मासे मोजायचं. गळाने नाही, विजेने. सपाट बुडाची अ‍ॅल्युमिनियमची बोट, मागे जनरेटर, पुढे दोन लांब दांडे आणि त्यांच्या टोकांना पाण्यात लोंबणाऱ्या पोलादी केबल. केबल धन, बोटीचं बूड ऋण, आणि मधल्या पाण्यातून तुटक डीसी प्रवाह, बहुधा सेकंदाला 60 ठोके. त्या ठोक्यांनी माशाचे स्नायू आखडतात, तो आपोआप धन टोकाकडे ओढला जातो आणि आडवा होतो. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या दोघांनी तेवढ्यात त्याला हातजाळीत उचलायचं. हौदात सोडला की थोड्याच वेळात सावरतो. पायाखाली पेडल असतं, पाय उचलला की वीज बंद. अंधारात दुसरी बोट जवळ येताना दिसली तर आधी पाय उचलायचा, हाक नंतर मारायची.

लार्जमाउथ बास म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. त्याची मोजणी बहुतेक ठिकाणी रात्रीच होते. दिवसा स्वच्छ पाण्यात तो बोट लांबूनच ओळखतो आणि खोलात सटकतो. रात्री काठाला येतो. त्यातही वसंतात, पाणी 15 ते 20 अंशांवर असताना, सगळा कारभार उथळातच चाललेला असतो. नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं पोहायला लागली तरी नर राखणीला थांबतो. अशा रात्री दिव्यांच्या उजेडात गुडघाभर पाण्यातून हातभर लांबीचे बास वर आलेले मी पाहिलेत. बाजूलाच होडीत बसलेले हौशी गळकरी मात्र खोल पाण्याकडे तोंड करून ल्यूर, म्हणजे नकली आमिष, फेकत असायचे. त्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं.

हिवाळ्यात आम्ही जात नाही. पाणी 10 अंशांखाली गेलं की बास जेमतेम हलतो, त्याचं पचनही मंदावतं. गळकऱ्यांनाही तेव्हा दुपारच बरी. शरदात चारा-मासळीचे थवे खाड्यांच्या तोंडाशी सरकतात आणि बास त्यांच्या मागे लागतो, रात्रीही आणि दिवसाही.

मी सांगतेय ती रात्र उन्हाळ्यातली. रात्री गळ टाकणाऱ्यांची तक्रार आली होती की या जलाशयातले मोठे बास संपले. वसंतातल्या मोजणीत मोठे मासे भरपूर होते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीच्या पराशी आम्ही नंबराची पिवळी पट्टीही टोचली होती. तेव्हा खात्री करायला अमावस्येच्या सुमारास आम्ही बोट काढली.

सगळा काठ पालथा घातला. जाळीत येत होती ती वीतभर पोरं, मधूनच एखादा 30 सेंटिमीटरचा. 38 च्या पुढे गेलेला दुर्मीळ. कागदावर पाहिलं तर तक्रार खरी ठरत होती. पण पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन मोजणारा मीटर दुसरंच सांगत होता. वरचं पाणी 28 अंश, आणि 6 मीटरच्या खाली ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्याही आत. उन्हाळ्यात गरम हलकं पाणी वर तरंगत राहतं, खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही आणि तळाशी कुजणाऱ्या गाळाने तिथला प्राणवायू संपतो. म्हणजे माशाला जागा उरते ती काठ आणि 6 मीटर यांच्या मधली. आमच्या विजेची पकड जेमतेम अडीच मीटरपर्यंत. मधला पट्टा आम्हाला दिसतच नाही.

धक्क्यावर एक वयस्क गृहस्थ आपली होडी पाण्यात सोडत होते. तक्रार करणाऱ्यांत ते नव्हते. आमचे तक्ते बघून म्हणाले, ‘‘मासे गेले नाहीत, उतरलेत. काम आटपलं असेल तर चला माझ्याबरोबर. पण ते डोक्यावरचे दिवे इथेच ठेवा.’’ आमच्या प्रमुखांनी होकार दिला, मी लाइफ जॅकेटसकट त्यांच्या होडीत बसले. मोजपट्टी आणि तराजू बरोबर घेतला.

काठापासून चांगलं लांब, पाणवनस्पतींचा पट्टा संपतो तिथे त्यांनी नांगर टाकला. तिथे 5 मीटर पाणी. ल्यूर म्हणून स्पिनरबेट, म्हणजे ओढताना पातं फिरणारं आमिष. पूर्ण काळं, पातंही काळं, गोल, मोठं आणि एकच. काळोखात काळं कशाला, असं नवख्याला वाटतं. बास खालून वर बघतो, आणि अमावस्येचं आकाशही पाण्यापेक्षा किंचित उजळ असतं. त्यावर काळ्याची आकृती सगळ्यात ठळक उठते. बाकीचं काम अंगावरच्या पार्श्वरेषेचं. पाण्यातली थरथर ती टिपते, आणि गोल पातं सावकाश फिरताना जड ठोके देतं.

त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. ‘‘बघायचं नाही, ऐकायचंही नाही. मनगटात मोजा.’’ रीळ इतकं हळू फिरवायचं की पातं जेमतेम फिरत राहील. ठक, ठक, ठक, असं बोटांच्या पेरांपर्यंत येत होतं. मध्येच गवताच्या शेंड्याला घासलं की ठोका जड व्हायचा, सुटला की पुन्हा हलका. तासाभरात तळाचा नकाशा मला हाताने वाचता यायला लागला: इथे गवत, इथे मोकळी फट, इथे दगड. इतकी वर्षं दिव्यांच्या उजेडात तलाव पाहिला, पण तो असा कधी कळला नव्हता.

मग रॉड परत त्यांच्याकडे गेला आणि थोड्याच फेकींनंतर ते थबकले. मला वाटलं ल्यूर अडकलं. त्यांनी झटका दिला नाही. वजन येऊ दिलं, मगच रॉड आडवा ओढला. मला नंतर म्हणाले, ‘‘ठोका थांबला की समजायचं, त्याच्या तोंडात आहे. अंधारात हिसका कायम वेळेआधीच दिला जातो.’’

मासा होडीशी आला तेव्हा त्यांनी मिणमिणता तांबडा दिवा लावला. खालचा जबडा अंगठ्याने धरला, दुसरा हात पोटाखाली. जबड्याची कड खरखरीत कानशीसारखी. आणि पाठीच्या पराच्या मुळाशी शेवाळ धरलेली पट्टी. मी बोटाने शेवाळ पुसलं. पिवळा रंग, नंबर आमचाच.

मापं घेताना माझे हात थरथरत होते, हे लपवत नाही. लांबी 53 सेंटिमीटर. वजन 2.2 किलो. या लांबीच्या धडधाकट बासचं वजन 2.4 च्या आसपास भरतं. गरम पाण्यात पकडून जास्त वेळ हवेत ठेवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, म्हणून फोटोच्या फंदात पडलो नाही. पाण्यात आडवा धरला, शेपटीचा फटकारा माझ्या तोंडावर आला आणि तो गेला.

ऑफिसात नोंदी काढल्या. वसंतात हीच मादी अंड्यांनी भरलेल्या पोटाने 2.6 किलोची होती, आणि मिळाली होती समोरच्या काठावर, मीटरभरही नसलेल्या पाण्यात. अंडी टाकून ती आमच्या टप्प्याबाहेर गेली होती, बस.

अहवालात मी स्पष्ट लिहिलं की उन्हाळ्यातल्या काठाच्या मोजणीवरून मोठ्या बासचा अंदाज काढू नये, आणि रात्रीच्या गळकऱ्यांकडून नोंदवही भरून घ्यावी: वेळ, पाण्याचं तापमान, मासा लागला तिथली खोली, पट्टी असल्यास नंबर. प्रमुखांनी ते मान्य केलं. पहिली वही त्याच गृहस्थांना दिली. खोलीच्या रकान्याशेजारी त्यांनी आपल्या हाताने आणखी एक रकाना आखला, ‘तळाला काय होतं’. पुढच्या सगळ्या वह्या आम्ही तो रकाना घालूनच छापल्या.