तक्रार निवारण अधिकारी : माहिती निरंक

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम २० म्हणतं, सरकारी आस्थापनेने नोकरीच्या कुठल्याही बाबतीत दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करायचा नाही. कलम २३ म्हणतं, तो झालाच तर तक्रार ऐकायला प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायची. वाचायला किती सोपं! आमच्या कार्यालयात हा अधिकारी शोधता शोधता मी मेटाकुटीला आले, म्हणून हे लिहितेय.

माझं प्रकरण थोडक्यात. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यंत्र लावते, समोरच्याचे ओठ दिसले की भागतं. वरिष्ठ लिपिक म्हणून आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या कागदांचं, टेबल बरीच वर्षं सांभाळलं. पदोन्नतीची यादी लागली तेव्हा माझं नाव गायब आणि ज्येष्ठतेत माझ्या खालचे यादीत. माहिती अधिकारात पदोन्नती समितीचं इतिवृत्त मागवलं, तर माझ्या नावापुढे शेरा: "श्रवणदोषामुळे दूरध्वनीवरील कामकाज पेलणार नाही." गोपनीय अहवाल चांगले, विभागीय परीक्षा पास, चौकशी कसलीच नाही. नडला तो फक्त फोन. कलम २० चं तिसरं पोटकलम सरळ सांगतं की निव्वळ दिव्यांगत्वाच्या कारणाने पदोन्नती नाकारता येत नाही. (जाता जाता: हे आरक्षणाचं प्रकरण नव्हतं. "कोट्यातून पाहिजे का?" असं ऑफिसात ज्याने त्याने विचारलं. मी ज्येष्ठतेने आलेला माझा नंबर मागत होते.)

अर्जाला छापील नमुना लागत नाही. घटना, तारीख, कलम, मागणी, सोबत इतिवृत्त आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची, प्रत. वर लिहिलं, "प्रति, तक्रार निवारण अधिकारी", आणि आवक शाखेत गेले.

आवकच्या खिडकीला काच आहे आणि खाली हात जाईल एवढी फट. पलीकडचे भाऊसाहेब मान खाली घालून त्या फटीतून बोलतात. मी म्हटलं, "जरा वर बघून बोला, मला ओठ दिसले पाहिजेत." त्यांनी वर बघितलं आणि बोलायचेच थांबले. मग माझ्याच अर्जावर, "प्रति"च्या ओळीखाली, पेन्सिलीने लिहून दिलं: 'हे पद आपल्याकडे नाही.' शिक्का समोर, स्टॅम्प पॅड उघडं. पण अर्ज फटीतून परत.

इथून पुढे सगळं या एका शिक्क्यासाठी. अधीक्षक म्हणाले, "मॅडम, कार्यालय प्रमुखांच्या नावाने द्या, घेतो आम्ही." घेतला असता यात शंका नाही. पण मग ती कलम २३ खालची तक्रार राहिली नसती, नुसता विनंती अर्ज झाला असता, आणि विनंती अर्ज फाइलीत वर्षानुवर्षं सुखाने झोपतो. आस्थापनेच्या टेबलावर असे किती अर्ज मी स्वतः पाहिलेत! मग कुणीतरी सुचवलं, "महिला तक्रार समितीकडे द्या." ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी, २०१३ च्या कायद्याखाली असते. माझ्या पदोन्नतीचं ती काय करणार? मग आलं "उचित मार्गाने या", म्हणजे वरिष्ठांमार्फत. त्यानेही भागेना तेव्हा वर्तणूक नियमांचं नाव निघालं, बाहेरून दबाव आणता म्हणून कारवाई होऊ शकते, वगैरे. कायद्याने ज्याच्याकडे जा म्हटलंय त्याच्याकडे जाणं हा दबाव कसा, हे विचारलं तर उत्तर नाही.

मला उशिराने उमगलं की यात आळस कमी आणि हिशेब जास्त आहे. दोन आठवडे मोजायचे ते तक्रार नोंदवल्यापासून. नोंदच झाली नाही तर मुदत सुरू कशी होणार? त्यामुळे अर्ज कुणी फेटाळतही नव्हतं. फेटाळला असता तर निदान फेटाळल्याचा कागद हातात आला असता.

शेवटी दोन गोष्टी केल्या. तोच अर्ज, पत्ता न बदलता, "द्वारा कार्यालय प्रमुख" असं जोडून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवला. पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवला. आणि दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात "अधिकारी का नेमला नाही?" असं विचारायचा मोह होतो, तो आवरा. का, कशासाठी असे प्रश्न "ही माहिती नव्हे" म्हणून परत येतात. मी कागद मागितले: कलम २३(१) खालच्या नेमणूक आदेशाची प्रत, आणि कलम २३(३) प्रमाणे ठेवायच्या तक्रार नोंदवहीच्या पानांची प्रत. तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं. दोन्ही मुद्द्यांपुढे एकच: "माहिती निरंक." म्हणजे नेमणूक आदेश नाही आणि नोंदवहीही नाही, हे त्यांनीच लेखी दिलं.

इतका उपयोगी कागद मला या कार्यालयाने कधी दिला नव्हता. सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं जागच्या जागी.

तो जोडून पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. नोटीस निघाली, सुनावणी झाली. अर्जातच लिहिलं होतं की प्रश्न मला लेखी द्यावेत किंवा समोर बघून विचारावेत, आणि ते त्यांनी पाळलं. हे तुम्हीही आधीच लेखी मागा. तिथे गेल्यावर सांगितलं की धांदल होते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे जी नस्ती, म्हणजे फाइल, मला "सापडत नव्हती" ती तिथे हजर झाली. मात्र आयुक्त शेवटी देतात ती शिफारस. ती मानून कार्यवाही कळवायला किंवा मानत नसाल तर कारण द्यायला कार्यालयाला तीन महिने असतात. कारण तुम्हालाही कळवावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

नोटीस मिळाल्यावर आमच्याकडे तक्रार निवारण अधिकारी नेमल्याचा आदेश भलत्याच वेगाने निघाला. नेमले कोण? त्या इतिवृत्तावर सही करणारेच साहेब. मी हसले, काय करणार.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. कुठलाही अर्ज देताना स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. नुसता गोल शिक्का नको, आवक क्रमांक पडला पाहिजे. अधिकारी नेमलेला असून उत्तर पटलं नाही, तर पुढची पायरी जिल्हास्तरीय समितीची आहे. आणि राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, डोळ्याआड करू नका. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. प्रकरण आयुक्तांकडे आहे म्हणून ती थांबेल असं धरून चालू नका, वकिलाला आधीच विचारा. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट लागू नाही, त्यांना उच्च न्यायालय.

माझं नाव पुन्हा समितीपुढे गेलं, या वेळी शेऱ्याविना, आणि पदोन्नती झाली. मानीव दिनांकही मिळाला, म्हणजे पदोन्नती जेव्हा व्हायला हवी होती तेव्हापासून धरली. मागच्या काळाच्या वेतनाचा फरक मात्र नाही, कारण आदेशात लिहिलंय की त्या पदावर प्रत्यक्ष काम केलेलं नाही. काम कुणी करू दिलं नाही, ते आदेशात कुठेच नाही. हा आदेश घेऊन पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जाणार आहे, त्याचं वर्षही सुरू झालंय. नव्या टेबलावर फोन आहे, आणि दिवसभर वाजतो.