जबड्याचं ऑपरेशन आणि पेजेवरचे दिवस

माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे होता आणि पुढचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. शिवताना दोरा दातांनी तोडता येत नसे, पेरूचा लचका तोडता येत नसे. पोळीचा घाससुद्धा थेट दाढांकडे ढकलावा लागे. तरीही ऑपरेशनचं ठरल्यावर जो तो एकच विचारायचा, "दिसण्यासाठी करतेयस का गं?" चेहरा बदलतो हे खरंच आहे. पण मला नीट जेवायचं होतं.

तारांनी दात सरकतात, हाड सरकत नाही. म्हणून जबड्यांत एवढा फरक असेल तर आधी तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा काही महिने तारा असा क्रम असतो. जबड्याची वाढ पुरती थांबल्याशिवाय सर्जन हात लावत नाहीत, नाहीतर खालचा जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो. ऑपरेशनआधीच्या तारा साधारण १२ ते १८ महिने राहतात, आणि मला सगळ्यात जड गेला तो हा काळ. जबड्यांतला फरक भरून काढण्यासाठी दात आपणहून कलून बसलेले असतात. तारा त्यांना सरळ करतात आणि लपलेला फरक उघडा पडतो. म्हणजे उपचार सुरू असताना चेहरा आणि चावणं दोन्ही आधीपेक्षा बिघडतं. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टर मॅडमनी हे पहिल्याच दिवशी कागदावर काढून दाखवलं होतं, तरी आरशासमोर उभं राहिलं की रडू यायचं. खालच्या अक्कलदाढाही ऑपरेशनच्या बऱ्याच आधी काढून टाकल्या, कारण हाड कापायचं ते नेमकं तिथूनच, आणि ती जागा आधी भरून यावी लागते.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. श्वासाची नळी नाकातून घालतात, छेद तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर व्रण नाही. खालचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरतात, म्हणजे त्याचे दोन पदर एकमेकांवरून सरकवता येतात. ही पद्धत ट्रॉनर आणि ओब्वेगेसर या सर्जननी १९५७ मध्ये मांडली. वरचा जबडा ज्या रेषेत सोडवतात तिला ल फोर्ट या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. चेहऱ्याचं हाड कुठे मोडतं याच्या रेषा त्यांनी १९०१ मध्ये नोंदवल्या होत्या. माझे दोन्ही जबडे हलवले आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी पक्के केले. पूर्वी वरचे-खालचे दात तारेने आवळून सहा आठवडे तोंड बंद ठेवायचे. मावशीने ते कुणाचं तरी पाहिलं होतं, म्हणून ती फार घाबरली होती. आता पट्ट्यांमुळे बहुतेकांना तारांच्या हुकांवर लावलेले रबर पुरतात.

पहिली रात्र वाईट. दुखणं औषधाने आटोक्यात राहतं, पण नाक रक्ताने चोंदलेलं असतं आणि तोंड नीट उघडत नाही, त्यामुळे श्वास पुरत नाही असं सारखं वाटतं. नर्स डोकं उंच करून बसवत होती आणि आई हात धरून "सावकाश, सावकाश" म्हणत होती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. वरच्या जबड्याचं झालं असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून जाऊ द्यायची.

घरी आल्यावर खरं काम स्वयंपाकघरात असतं. सुरुवातीला सगळं पातळ, सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या कडेने आत सोडायचं. आई मुगाच्या डाळीचं कढण मलमलच्या फडक्यातून गाळायची, वर चमचाभर तूप. नाचणीचं आंबील, भाताची पेज, शहाळ्याचं पाणी, ताक. ताकात जिरेपूड घातली त्या दिवशी कण टाक्यांपाशी अडकून बसले. तेव्हापासून फोडणीसुद्धा गाळूनच. पोट भरल्यासारखं वाटतं, पण तासाभरात पुन्हा भूक लागते, म्हणून थोडं थोडं दिवसभर घेत राहावं लागतं. वजन उतरतंच. प्रत्येक वेळी नंतर मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि लहान मुलांच्या ब्रशने तारांभोवती घासणं. पुढे सर्जननी परवानगी दिल्यावर मऊभात, मेतकूट आणि कुस्करलेलं केळं. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागे, इतकी खाण्याची ओढ लागली होती. मन उदास होतं, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात. हे पुष्कळांना होतं असं सर्जननी आधी सांगून ठेवलं होतं, त्याचा फार आधार वाटला.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होती. पेज ओघळली तरी कळत नसे, आई खुणेने सांगायची. खालच्या हाडातून जी नस जाते ती या चिरण्यात ताणली जाते. पुढे मुंग्या येऊ लागल्या, संवेदना काही महिन्यांत हळूहळू परतली. हनुवटीवर एक लहानसा भाग अजून बोथट आहे. काहींच्या बाबतीत तो कायमचा राहतो, म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनना हे स्पष्ट विचारावं.

विम्याचंही आधीच पाहावं. आमच्या कंपनीने 'सौंदर्योपचार' म्हणून दावा नाकारला. मला त्याचा मनस्वी राग आला. मग चावता येत नाही हे स्पष्ट लिहिलेलं ऑर्थोडॉन्टिस्टचं पत्र, बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे आणि दातांच्या साच्यांचे फोटो जोडून लेखी तक्रार केली, तेव्हा बरीचशी रक्कम मिळाली. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे, तसं पुण्यातही आहे. अशी पत्रं ऑपरेशनआधीच तयार ठेवलेली बरी.

आता ऑपरेशन ठरलेलं कुणी भेटलं की मी आधी विचारते, घरी कोण असणार आहे? त्या दिवसांत बोलताही धड येत नाही, औषधांच्या वेळा लक्षात राहत नाहीत, आणि दर दोन तासांनी कुणीतरी काहीतरी गाळून आणून द्यावं लागतं. पहिले दोन आठवडे रजा काढून जवळ राहील असं माणूस पक्कं झालं, की मगच तारीख घ्या म्हणते.