पाणवठ्यावरचा आकडा आणि जंगलातली हरणे

वैशाख पौर्णिमेच्या रात्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या पाणवठ्यांवर मचाणावर बसून होणारी प्राणिगणना उरकली, की दुसऱ्या दिवशी आम्हा ठाणेकरांच्या व्हॉट्सॲप गटांवर चितळ-सांबरांचे आकडे फिरू लागतात आणि ती जणू जंगलातली एकूण संख्याच असल्यासारखी चर्चा रंगते. वास्तविक ती त्या रात्री दिसलेल्या प्राण्यांची नोंद असते. एकच सांबर दोनदा पाण्यावर येऊ शकते, तर दिवसाउजेडी पाणी पिऊन गेलेला कळप नोंदीत येतच नाही.

संख्येचा अंदाज बांधायचा तर छेदरेषा पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते. जंगलात आधीच आखलेल्या सरळ रेषांवरून पहाटे चालायचे, कळप दिसला की त्यातले प्राणी मोजायचे, रेंजफाइंडरने अंतर व होकायंत्राने दिशा टिपायची, आणि त्यांवरून कळपाचे रेषेपासूनचे लंबांतर काढायचे. अंतर वाढते तशी दिसणाऱ्या कळपांची संख्या घटते; त्या घटीवरून न दिसलेल्या हरणांचा हिशेब मांडता येतो. मात्र रेषेवरचा प्राणी दिसलाच पाहिजे आणि चाहूल लागून हलण्यापूर्वीची त्याची जागा नोंदली गेली पाहिजे. भेकर, म्हणजे भुंकणारे लहानखुरे हरीण, इथेच चकवते: ते बहुधा एकटे असते, कारवीच्या गचपणातून आधीच सटकते आणि मागाहून नुसते भुंकणे ऐकू येते. भरवशाच्या गणितासाठी एकेका जातीच्या साठेक नोंदी तरी लागतात. भेकराच्या तेवढ्या जमवणे जिकिरीचे असते.

अशा वेळी लेंड्या मोजतात. ठरावीक चौकोनातील जुन्या लेंड्या साफ करायच्या, काही दिवसांनी नव्याने पडलेले ढीग मोजायचे आणि त्या आकड्याला मधल्या दिवसांनी व एक प्राणी दिवसाला किती वेळा लेंड्या टाकतो त्या दराने भागायचे. सांबराच्या लेंड्या चितळाच्या लेंड्यांपेक्षा मोठ्या असल्या तरी सांबराच्या पाडसाच्या लेंड्या हमखास घोटाळा करतात. पावसाळ्यात तर त्या वाहून किंवा विरघळून जातात, म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच करावे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे, पण हरणे त्यात सारखी पसरलेली नाहीत. चितळ गवताळ, मोकळ्या जागा धरून राहते, सांबर दाट झाडीचे उतार पसंत करते. छेदरेषा केवळ सोयीच्या रस्त्यांलगत आखल्या, तर चितळांची संख्या फुगते आणि सांबरांची घटते. शिवाय घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागला भाग उरलेल्या जंगलापासून तुटल्यासारखा आहे, त्यामुळे तिथल्या रेषा वेगळ्या चालून त्याचा अंदाज, किमान व कमाल मर्यादांसह, स्वतंत्रच द्यायला हवा.