अर्धी गोळी

मांजर तोंड उघडून धापा टाकत आलं की आमच्या क्लिनिकमध्ये नंबर वगैरे बघत नाहीत, त्याला सरळ टेबलावर घेतात. कुत्रा जिन्याने पळत आला तरी धापा टाकतो. मांजर टाकत असेल तर बहुतेक वेळा हाताशी वेळ थोडा असतो.

पावसाळ्यातली सकाळ होती, कर्वे रस्ता तुंबलेला. एक आजोबा, त्यांची सून आणि शाळेच्या गणवेशातला नातू, असे तिघं गुंड्याला टॉवेलात गुंडाळून रिक्षातून घेऊन आले. गुंड्या म्हणजे चार किलोचा पिवळा बोका. तोंड सुजून गोल झालेलं, पुढचे पंजेही फुगलेले. "गांधीलमाशी चावली असणार, डॉक्टर," सून म्हणाली. त्यांच्या बाल्कनीवर पोळं आहे, म्हणून तसं वाटणं साहजिकच होतं. मी बोटाने त्याचा ओठ वर केला. हिरड्या चॉकलेटी दिसत होत्या.

कंपाउंडरने ऑक्सिजन लावला. शीर मिळाल्यावर मी रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉझवर टाकला आणि शेजारी दुसरा, नसबंदीला आलेल्या एका धडधाकट मांजरीचा. तिचा थेंब हवा लागताच लालभडक झाला. गुंड्याचा मात्र तपकिरीच राहिला.

असं रक्त आणि अशी सूज एकत्र दिसली की माझ्या डोक्यात पहिलं नाव पॅरासिटामॉलचं येतं. पण "काय दिलंत याला?" असं चारचौघांत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही." म्हणून सुनेला केसपेपर काढायला बाहेर पाठवलं, नातूही तिच्यामागे गेला. मग मी म्हणाले, "आजोबा, मला औषध निवडायचंय. पोटात काय गेलंय ते कळलं तर आत्ता लगेच सुरू करता येईल."

ते थोडा वेळ गुंड्याकडे बघत राहिले. मग सगळं सांगितलं. पहाटे पाचला उठले तेव्हा तो पायाशी गप्प बसलेला, कान गरम लागले. नातवाच्या तापाच्या वेळची पाचशेची पट्टी घरात होती. अर्धी गोळी कुटून साजूक तुपात कालवली आणि त्याच्या जिभेला चाटवली. "लहान आहे म्हणून अर्धीच दिली हो."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पहाटे पाचला उठून बोक्यासाठी तुपात गोळी कुटणाऱ्या माणसाला काय रागवायचं? पण ही अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम, किलोमागे साठच्या वर. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे. हे औषध निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकायला आपल्या यकृताकडे जी यंत्रणा आहे, ती मांजराकडे फार तोकडी असते. मग त्याचे विषारी घटक तांबड्या पेशींवर उलटतात आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही. नाकाशी ऑक्सिजन असूनही जीव गुदमरतो.

यावरचा उतारा माणसांचाच आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन. कंपाउंडर भर पावसात स्कूटर काढून एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकलमधून इंजेक्शनं घेऊन आला. पहिला डोस किलोला १४० मिलिग्रॅम, पातळ करून सावकाश शिरेतून. मग दर सहा तासांनी त्याच्या निम्मा. जोडीला सलाइन आणि व्हिटॅमिन सी. दुपारभर मी दुसरे पेशंट बघत होते आणि मधेमधे येऊन तो ओठ वर करत होते. संध्याकाळी सुळ्याच्या वरची हिरडी गुलाबीकडे झुकली तेव्हा नातवाला आत बोलावून दाखवली. सुनेला आजोबांनी तोवर स्वतःच सांगून टाकलं होतं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, चहा घेऊन येते, सकाळपासून तुम्ही काही घेतलं नाहीये."

ताप बहुधा नव्हताच, ही गोष्ट मला फार लागली. मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते कायम कोमट लागणारच. एका डिजिटल थर्मामीटरने हे सगळं टळलं असतं.

गुंड्या दोन-तीन दिवसांनी घरी गेला. पुढे रक्ततपासणीला आणला तेव्हा हिमोग्लोबिन सावरलं होतं, यकृताचे आकडेही ठीक होते. आजोबा वही घेऊनच आले होते. घरात आणखी काय काय चालत नाही, विचारत होते. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध, उंदरांचं विष. मग लिलीवर आले. पानं, फुलं, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तर मांजराची किडनी निकामी होऊ शकते. तिथे त्यांचं पेन थांबलं. सुनेच्या वाढदिवसाचा गुच्छ हॉलमध्ये टीपॉयवर होता. त्यांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला.